दोन तासांचं विमान

"वहिनी, कळलं का? कोपऱ्यावरच्यांचे जावई पोचले एकदाचे डोंबिवलीला."

"एकदाचे म्हणजे? विमानाने गेले ना ते?"

"विमानाने गेले म्हणूनच एकदाचे!"

एवढं कानावर पडल्यावर वहिनी मटाराची परात उचलून थेट कठड्याशी आल्या. झाशीच्या बड्या बाजारातल्या आमच्या घरांना कुंपण नाही. खाली भिंतीला भिंत चिकटलेली. जे काय अंतर आहे ते गच्चीवर, कमरेएवढ्या विटांच्या कठड्याचं. माघातलं कोवळं ऊन, खाली गल्लीत ई-रिक्षांची पोंपों, आणि सोलायला पाच किलो मटार. बातमी ताजी असली की मटार कधी संपतात ते कळत नाही.

बातमी अशी. लेक-जावई माहेरपणाला आले होते. त्यांना डोंबिवलीला जावयाच्या बहिणीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला पोचायचं होतं. सासऱ्यांनी महिनाभर आधीच विचारलं होतं, राजधानीचं तिकीट काढून ठेवू का म्हणून. जावई हसले. "बाबा, तेरा-चौदा तास गाडीत कोण बसणार? ग्वाल्हेरहून विमान आहे. दोन तास." हे वाक्य सासूबाईंनी माघी गणेशजयंतीला मंदिरात निदान सात-आठ जणींना ऐकवलं. आपलं गणेशमंदिर म्हणजे जिथे १८४२ साली राणीचं लग्न लागलं ते. तिथे बोललेलं गावभर व्हायला आरती संपायचाही अवकाश लागत नाही.

"मलाही सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "वर म्हणे, आमचे जावई गाडीत बसतच नाहीत."

"आता बसतील. सकाळी साडेसातला टॅक्सी आली दारात. गल्लीत शिरेना म्हणून सामान डोक्यावर घेऊन चौकापर्यंत गेले, तिथपासूनच सुरुवात. ग्वाल्हेरला पोचतात तो धुकं. हाताला हात दिसत नाही. मुंबईहून यायचं विमानच आलं नाही. आत्ता येईल, मग येईल, करत करत चार वाजता सांगितलं, आज रद्द, उद्या जा."

"अरे देवा. आणि वास्तुशांत?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी! आता गंमत ऐका. जावयांना वाटलं, गाडी तर गाडी. तीच राजधानी ग्वाल्हेरलाही थांबते. मोबाइलवर बघतात तर लांबलचक वेटिंग. मग मुक्काम हॉटेलात. आणि त्याच गाडीत, त्याच संध्याकाळी, इथून कोण चढलं? धाकटा मेहुणा. त्याला सुट्टी नव्हती, दिवसभर दुकानात बसला, साडेसातला जेवला, ऑटोने स्टेशनवर गेला आणि झोपला. सकाळी दहाच्या सुमाराला कल्याणला उतरला. पूर्णाहुती गाठली त्याने. हे विमानवाले दुसऱ्या दिवशी रात्री नऊला पोचले. दार कोणी उघडलं असेल?"

"मेहुण्याने!"

"मेहुण्याने. हातात पाण्याचा तांब्या घेऊन."

वहिनी इतक्या हसल्या की परातीतले चार दाणे आमच्या बाजूला उडाले. पण वहिनींचं एक आहे, हसून झालं की त्या लगेच दुसऱ्या पक्षात जातात. त्यांचा मुलगा बंगळूरला, तो तिकिटं पाठवतो, त्यामुळे विमानाची बाजू घेणं त्यांना भाग आहे.

"धुकं काय, गाडीलाही असतंच की," त्या म्हणाल्या. "परवा दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या किती उशिरा धावत होत्या, आमच्या ह्यांना विचारा."

हे खरं आहे, आणि मी ते कबूल केलं. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली-आग्र्याच्या पट्ट्यात गाड्या रांगतात. फरक एवढाच की गाडी रांगत का होईना, येते. आणि आपण झाशीवाले दक्षिणेला निघालो की भोपाळच्या पुढे धुकं मागे पडतं. विमानाचं तसं नाही, ते एक तर आहे नाही तर नाही.

"शिवाय तुम्ही मोजा तरी," मी म्हटलं. "झाशीला प्रवासी विमानतळ नाही. ग्वाल्हेर शंभर किलोमीटर, त्यात विमानतळ गावाच्या पार पलीकडे, महाराजपुऱ्याला. दोन-अडीच तास टॅक्सीचे. उड्डाणाआधी दोन तास हजर राहायचं. दोन तास हवेत. उतरल्यावर पट्ट्यावर बॅग येईपर्यंत अर्धा तास. आणि मग मुंबईचा विमानतळ ते डोंबिवली!"

"ते सांगूच नका. गेल्या वेळी मी त्या टॅक्सीत एक झोप काढून उठले तरी आम्ही घाटकोपरलाच."

"मग झाले की नऊ तास, तेही सगळं सुरळीत पार पडलं तर."

"आणि गाडीचे तेरा."

"तेरा, पण त्यातले आठ झोपेचे. ते आठ तास घरी राहिला असतात तरी झोपूनच काढले असतेत ना? विमान तुमचा अख्खा दिवस खातं. रात्रीची गाडी रात्रच खाते, दिवसाला हात लावत नाही."

वहिनींनी यावर दतिया काढलं. दतियाला झाला की आता विमानतळ, अर्ध्या तासावर तर आहे! झालाय खरा, २०२५च्या ३१ मेला त्याचं उद्घाटन झालं, वर्तमानपत्रात पान भरून फोटोही होते. पण तिथे सुरू झालं ते लहानसं विमान, तेही काही मुंबईला जाणारं नव्हे. मग त्या म्हणाल्या, आमची मंडळी तर वंदे भारतने दिल्ली गाठतात आणि तिथून उडतात. म्हणजे मुंबई दक्षिणेला, आणि निघायचं चारशे किलोमीटर उत्तरेला! आमच्याकडे दतियाहून आणायची वस्तू दिल्लीहून मागवणाऱ्याला काय म्हणतात ते मी मनातच ठेवलं.

एवढ्यात खालून दादांचा आवाज आला. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. उभा जन्म झाशीच्या रेल्वे कारखान्यात वाघिणी दुरुस्त करण्यात गेला. गाडीचा विषय निघाला की ते दोन मजले खालून बोलतात.

"त्यांना सांग, राजधानीला दोन इंजिनं असतात! एक पुढे, एक मागे!"

"ऐकलं हो आम्ही," वहिनी ओरडल्या आणि मला म्हणाल्या, "आता पाच मिनिटं थांबा."

पण दादांचं म्हणणं ऐकण्यासारखं असतं. कसाऱ्याचा घाट सदतिसाला एक असा चढतो, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. तिथे गाड्यांना मागून ढकलायला वेगळी इंजिनं जोडायची, घाट संपला की सोडायची, त्यात वेळ जायचा. मध्य रेल्वेची ही राजधानी १९ जानेवारी २०१९ला सुरू झाली आणि लगेच पुढच्या महिन्यात तिला दोन टोकांना दोन इंजिनं लावली. मागच्याचा ताबाही पुढच्या चालकाकडेच. जोडायचं नाही, सोडायचं नाही. त्याआधी मुंबईच्या राजधान्या सगळ्या पश्चिम रेल्वेने, बडोदा-कोट्यावरून जायच्या. आपल्या झाशीच्या वाटेला मुंबईची राजधानी कधी नव्हतीच. जळगाव, नाशिक, कल्याण करत जाणारी ही पहिली. म्हणजे कुणासाठी म्हणाल तर आपल्यासारख्यांसाठीच, ज्यांचं निम्मं गोत त्या तीन स्टेशनांच्या आजूबाजूला राहतं.

"तोवर पंजाब मेल होती की," वहिनी म्हणाल्या.

होती आणि आहे. १ जून १९१२ला ती मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून पहिल्यांदा सुटली ती थेट पेशावरला. आगबोटीने आलेले गोरे साहेब आणि विलायतेचं टपाल घेऊन जायची म्हणून मेल. २,४९६ किलोमीटर, सत्तेचाळीस तास. साधा तिसरा वर्ग तिला मिळायला १९३०चं दशक उजाडलं. फाळणी झाली, पेशावर पलीकडे गेलं, आता ती फिरोजपूरला जाते. पण मधे झाशी तेव्हाही होती आणि आताही आहे. माझ्या सासूबाई लग्न होऊन ठाण्याहून या घरात आल्या त्या याच गाडीने. त्यांच्याकडून मी ती गाडी इतक्यांदा ऐकलीय की मीच नवरी होऊन त्यात बसले होते असं मला कधी कधी वाटतं.

इगतपुरीपर्यंत विजेचं इंजिन. तिथे ते काढायचे आणि कोळशाचं जोडायचे. तो वेळ वड्यांचा. फलाटावर कढया पेटलेल्या, आणि पुरुषमंडळी कागदाचे द्रोण घेऊन इंजिनाकडे एक डोळा ठेवून पळत यायची. नवरीने उतरायचं नाही. कोळशाचं इंजिन लागलं की खिडकीकडे तोंड करायचं नाही, कण डोळ्यात जातो. सासूबाईंनी नऊवारीचा पदर ओढून घेतला होता तो लाजेने नव्हे, कोळशापायी. आणि झाशीला उतरल्यावर सासरच्या बायका म्हणाल्या, किती मर्यादशील मुलगी आहे! होल्डॉल, फिरकीचा तांब्या, दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणीची चटणी, पत्र्याची ट्रंक. भुसावळला केळी. झाशीला उतरले तेव्हा सासऱ्यांचं धोतर करडं झालं होतं.

"आणि त्याच्याही आधी पायी यायचे," वहिनी म्हणाल्या. त्यांना इतिहासात मागे टाकलेलं चालत नाही.

पायीच यायचे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले आणि १८५८चा वेढा पडला तेव्हा नेमके आपल्या झाशीत होते. या बाजारात, या गल्ल्यांत. त्यांचं 'माझा प्रवास' पुस्तक छापून आलं १९०७ साली. पेण ते झाशी त्यांना महिने लागले. वाटेत लुटले गेले ते वेगळं. आज पेणहून कोणी दुपारी घर सोडलं, मुंबईला राजधानी धरली, तर दुसऱ्या दिवशी सकाळची न्याहारी झाशीत. आणि तरी आपल्याला गाडी हळू वाटते.

"ताई, तुमचं सगळं खरं," वहिनींनी परात बाजूला ठेवली. म्हणजे आता मुद्द्याचं बोलायचं होतं. "पण तुम्ही वयाचं धरता का? माझे गुडघे बघा. वरचा बर्थ मिळाला तर मी चढू कशी? रात्री दोनदा उठावं लागतं. बाथरूमला गाडी हलते, एका हाताने कडी धरायची, एका हाताने साडी. आणि राजधानीचं भाडं? पोरगा म्हणतो, आई, तेवढ्यात विमान येतं."

यातलं एकही खोटं नाही. राजधानीला सप्टेंबर २०१६पासून चढतं भाडं लागू आहे; दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी वर, सुरुवातीला तर पार दीडपटीपर्यंत. उशिरा जागं होणाऱ्याला टू टिअरचं तिकीट विमानाच्या तोंडाशी नेऊन ठेवतं. आणि ज्येष्ठांची सवलत! बायकांना अठ्ठावन्नच्या पुढे निम्मं भाडं होतं, पुरुषांना साठीच्या पुढे चाळीस टक्के सूट. मार्च २०२०मध्ये करोनात बंद केली ती केलीच. गाड्या सुरू झाल्या, चादरी सुरू झाल्या, जेवण सुरू झालं, सवलत मात्र अजून विलगीकरणातच आहे. याचा राग मला वहिनींपेक्षा जास्त आहे, कारण मी नेमकी त्याच वर्षी अठ्ठावन्नची झाले.

पण विमानातही काय फुकट आहे? पंधरा किलोची बॅग, सात किलोची हातातली. टू टिअरच्या तिकिटावर पन्नास किलो जातं, थ्री टिअरवर चाळीस, आणि तेही कोणी काट्यावर घालत नाही. वहिनींच्या भाचीचं लग्न आहे वैशाखात, डोंबिवलीलाच. रुखवत इथून जायचंय.

"त्याचं सांगा ना," मी म्हटलं. "रुखवत विमानात कसं नेणार?"

वहिनींचा चेहराच पडला. गेले तीन महिने त्या रुखवतावर बसल्यात. साखरेचं तुळशीवृंदावन, चंदेरीच्या तुकड्यांचा पंखा, लाखेच्या बांगड्यांचं तोरण, आणि सगळ्यांत नाजूक म्हणजे पुठ्ठ्याचा आणि खसखशीचा झाशीचा किल्ला. दीड हात लांब. बुरूज आहेत, कडकबिजली तोफ आहे, तोफेवर रुपेरी कागद. एकेक खसखस चिकटवून भिंत केलीय. ती पेटी मी पाहिलीय. झाकण उघडताना त्या श्वास रोखतात, कारण शिंक आली तर एक बुरूज जाईल.

"तो हातातल्या बॅगेत मावणार नाही," मी म्हटलं. "सामानात टाकलात तर उलव्याच्या किंवा सांताक्रूझच्या विमानतळावर पट्ट्यावर खसखस तेवढी येईल. गाडीत खालच्या बर्थखाली सरकवायचा, बाजूने दोन उशा. रात्रभर तुमच्या डोक्याखाली."

"आणि ओटीचे नारळ?"

"हातातल्या बॅगेत नारळसुद्धा घेऊ देत नाहीत. शबरीमलेला जाणाऱ्या भक्तांच्या इरुमुडीत, म्हणजे पूजेच्या गाठोड्यात, नारळ असतो, तर २०२४-२५च्या यात्रेला त्यांच्यापुरती खास परवानगी काढावी लागली, तीही मुदतीची. तुम्ही काय सांगणार, ओटी भरायचीय म्हणून?"

"सांगून तरी बघीन," वहिनी म्हणाल्या. आणि सांगतीलही.

मग दहा मिनिटं आम्ही घोरण्यावर बोललो, कारण रात्रीच्या गाडीचा विषय तिथे आल्याशिवाय संपत नाही. दादा घोरतात. हे बड्या बाजाराला ठाऊक आहे. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची चाल होती तेव्हा तीन घरांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी गोवा एक्सप्रेसने आम्ही चौघं पुण्याला गेलो. रात्री इथून चढायचं, दुसऱ्या दिवशी दुपार कलली की पुणे. चढल्या चढल्या डबेवाला खाकी कागदाची पाकिटं टाकून गेला. ते पाकीट फोडायचा एक आवाज असतो, कोरा करकरीत. आतून दोन पांढऱ्या चादरी इस्त्रीच्या घडीत चिकटलेल्या, उलगडताना चर्र होतात. वहिनी दोन्ही बाजूंनी नाकाशी नेऊन बघतात आणि मग घरची ओढणी वर अंथरतात. दहा वाजले. दहा ते सहा मधला बर्थ उघडायची वेळ, त्याआधी कोणी उघडला तर खालचा माणूस कुरकुर करू शकतो, त्यानंतर नाही उघडू दिला तर मधला. आमच्या मधल्यावर ललितपूरचा एक तरुण होता. साखळ्या अडकवून वर चढला, "दादी, लाइट बंद कर दूँ?" म्हणाला, आणि दिवा गेल्याबरोबर दादा सुरू झाले.

"भोपाळपर्यंत मी जागी होते," वहिनी म्हणाल्या. "लाजेने."

"मी नव्हते. मला बिन्याला झोप लागली होती."

"सकाळी तो पोरगा म्हणतो कसा, दादीजी, इंजिन आपल्याच डब्याला लावलं होतं का? आणि हे म्हणतात, नाही रे, ते पुढे असतं. चोवीस डबे पुढे. त्याला समजावून सांगत बसले!"

खालून: "बावीस!"

असं माणूस विमानात भेटत नाही. तिथे शेजारचा कानात बोळे घालून बसतो आणि उतरताना उठून उभा राहतो, दार उघडायच्या आधी पंधरा मिनिटं. पण याचा मी फार गाजावाजा करत नाही. सगळ्यांनाच अनोळखी माणसाला लोणच्याची फोड द्यायची हौस नसते. सुनांना तर नसतेच. त्यांना पडदा हवा असतो आणि मोबाइल चार्ज करायचं भोक हवं असतं, आणि ते मागणं काही चूक नाही.

वहिनींची दुसरी भाची व्हिएन्नाला आहे. ती फोनवर म्हणाली म्हणे, मावशी, इथे लोक परत रात्रीच्या गाडीने जायला लागलेत, विमानाने हवा बिघडते म्हणून. स्वीडनमध्ये तर विमानाने जायची लाज वाटावी इथपर्यंत गोष्ट गेली होती. फ्रान्सने २०२३मध्ये नियमच केला, जिथे गाडीने अडीच तासांत जाता येतं तिथलं देशातलं विमान बंद. जर्मन रेल्वेने डिसेंबर २०१६मध्ये आपले झोपायचे डबे परवडत नाहीत म्हणून मोडीत काढले, आणि ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यातले काही उचलून त्यांतल्या काही गाड्या चालवायला घेतल्या. भाची व्हिएन्नाहून रात्री बसते आणि सकाळी परदेशात उतरते.

"आणि तिकीट विमानापेक्षा महाग," वहिनी म्हणाल्या. "ती म्हणते, मावशी, ही इथली नवी फॅशन आहे."

"आपली तर शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे."

हवेचं मी फार जाणत नाही. पण दादांकडून एवढं समजलं की आपली गाडी विजेवर जाते, वीज कुठे तरी कोळसा जाळूनच येते, तरी एका राजधानीत हजारभर माणसं झोपतात. एवढ्यांना न्यायला पाच-सहा विमानं लागतील. ग्वाल्हेरच्या धुक्यात एक येईना.

आणि २०२५च्या डिसेंबरात काय झालं? वैमानिकांना विश्रांती किती द्यायची याचे नवे नियम लागू झाले, तयारी पुरेशी नव्हती, आणि चार-आठ दिवसांत देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. लोक विमानतळावर जमिनीवर झोपले. टीव्हीवर बॅगांचे डोंगर दाखवत होते. तेव्हा धावलं कोण? रेल्वेने राजधान्यांना आणि बाकीच्या गाड्यांना जादा डबे जोडले. वहिनींचा मुलगा तेव्हा दिल्लीत अडकला होता. बंगळूरचं विमान गेलं, आणि दोन दिवस गाडीत बसून पोचला.

"म्हणाला, आई, पाठ मोडली," वहिनी म्हणाल्या.

"दोन दिवसांचं वेगळं. दिल्ली-बंगळूर विमानानेच जावं, मी कुठे नाही म्हणते? झाशी-मुंबईचं बोलतेय मी. रात्रीत बसणारं अंतर. झाशी-पुणेसुद्धा ओढूनताणून. पण अकराशे किलोमीटरला माणूस विमानाकडे वळतो तो हौसेने नाही वळत वहिनी, वेटिंग बघून वळतो. जावयांना शेवटी गाडी हवी होती. मिळाली का? त्या रात्री ग्वाल्हेरच्या फलाटावरून गाडी त्यांना हॉटेलात ठेवून मेहुण्याला न्यायला इकडे आली."

हे माझं जुनं दुखणं आहे. नव्या गाड्या निघतात त्या दिवसाच्या, बसायच्या. खुर्ची मागे होते, गाणी लागतात, फोटो छान येतात. झोपून जायच्या गाड्या तेवढ्याच. वंदे भारतचीही झोपायची गाडी आली म्हणतात, पण पहिली मिळाली हावडा-कामाख्या मार्गाला. झाशीच्या फलाटावर ती कधी लागेल तेव्हा लागेल. आपला फलाट तेवढा देशातल्या लांबलचक फलाटांत मोजतात. एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत चहा निवतो.

"मग वैशाखाचं काय करायचं?" वहिनींनी शेवटी विचारलं. म्हणजे पक्ष बदलला.

करायचं काय, आधी दिवस मोजायचे. पूर्वी चार महिने आधी तिकीट निघायचं, १ नोव्हेंबर २०२४पासून साठच दिवस आधी निघतं. लग्न पक्कं झाल्याबरोबर तिकीट काढून निश्चिंत बसायचे दिवस गेले. साठाव्या दिवशी सकाळी आठला बसावं लागतं, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी बसलं की वेटिंग. चुकलं तर तत्काळ, आदल्या दिवशी सकाळी दहाला, त्यालाही आता आधार लागतं आणि मोबाइलवर आकडा येतो. तो मोबाइल नेमका पोराच्या नावावर असतो, पोरगा बंगळूरला मीटिंगमध्ये असतो, आणि आकडा घेऊन तो फोन करेपर्यंत दहा वाजून सात मिनिटं. म्हणून आधी आपापले नंबर आधारला जोडून घ्या, हे मी वहिनींना दोनदा सांगितलं.

"आणि सगळ्यांचं एकत्र काढू नका," मी म्हटलं. "पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना आणि साठीच्या पुढच्या पुरुषांना खालच्या बर्थचा कोटा आहे. पण एका तिकिटावर एकटं किंवा दोघंच असलं तरच. सहा जणांचं एक तिकीट काढलंत की गेला कोटा, मग चढा शिडीवर. दोघादोघांची जोडी करा. तुमचं नि दादांचं एक, आमच्या ह्यांचं नि माझं एक. चौघांनाही खालचे बर्थ. एकाखाली किल्ला ठेवू."

वहिनींनी शेवटची शेंग दोन्ही अंगठ्यांनी फोडली, दाणे परातीत सोडले आणि जिन्याकडे एक नजर टाकून आवाज खाली केला.

"जोड्या अशा नका करू. ह्यांचं तिकीट तुमच्या ह्यांच्याबरोबर काढा. माझं तुमच्याबरोबर. आणि डबा वेगळा मिळाला तरी चालेल."